दोन हात उंच

मी बोलायला लागलो की मळवली टेसनात गाडी शिट्टी द्यायची विसरते, असं लोक म्हणत. साफ खोटं. ते मीच पसरवलं होतं.

आमचं घर इतकं बुटकं, की पाहुणा आधी चौकटीला डोकं टेकवायचा, मग देवाला. आत चूल, भाताची पोती, गवत, आणि कुडाच्या भिंतीपलीकडे बैलं. लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती. बायको म्हणाली, "छप्पर दोन हात वर घ्या. पोती, गवत माळ्यावर जाईल, पोरीला कोरडी जागा व्हईल." सुतारानंही तेच सांगितलं. कौलं उतरवायची, गावच्या वीस खांद्यांनी छप्पर उचलायचं, खांबांना जोड द्यायचा.

पण माझ्यासारख्यानं दोनच हात? "सहा हात घेऊ!" मी पारावर गरजलो. "माळ्यावरनं लोणावळ्याच्या साहेबाच्या कपातला चहा दिसला पायजे!"

"भाऊ, जुन्या भिंती हायेत," सुतार म्हणाला. "आन् वारा मावळातला. साहेबाच्या कपात तुमचंच छप्पर पडंल."

मी कान्ह्याहून दुसरा सुतार आणला. मग तिसरा. चैत्र गेला, वैशाख गेला.

जेठात लेक गाडीतून उतरली, सातवा सरत आलेला. घरात येऊन वर बघितलं आणि हसली, "आबा, घर कुटं वाढलंय? मीच वाढलेय."

आता झालं! पोटुशी बाई घरात असताना छपराला हात लावायचा नाही, कौलसुद्धा हलवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुतार आला, चहा पिऊन गेला. बायको एवढंच बोलली, "ती यायच्या आदी दोन म्हैने व्हते."

श्रावणात भिंती पाझरत होत्या. कुडाला लागून, ओल्या भुईवर तिला मुलगा झाला. सातव्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी ती गेली. नातवाला तिच्या सासरची माणसं घेऊन गेली.

दिवाळी सरल्यावर बायको म्हणाली, "आता छप्पर चढवा."

"कुनासाठी?"

"आता घरात कुनी पोटुशी न्हाई. रीतबी आड येत न्हाई."

मी पहिल्याच सुताराला सांगावा धाडला. वीस माणसं बोलावली. न्याहारी करून कामाला लागली. छप्पर दोन हात वर गेलं, खांब जोडले, आणि दिवेलागणीच्या आत कौलंही चढली. एका दिवसात.