खोटं शून्य

बेचाळिसाव्या वर्षीही कुणी 'पीएचडी झाली का?' विचारलं, की उत्तर द्यायचाही कंटाळा येतो. कॉलेजात शिकवून उरलेल्या वेळात, आठ वर्षं, मी दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धातूचा कण आणि हायड्रोजन दाबत बसले आहे. हिऱ्यांचं नाव काढलं की बायकांचे डोळे चमकतात. मग सांगावं लागतं, की हे हिरे मिरवायचे नाहीत. पृथ्वीच्या पोटात असतो तसा दाब दिला आणि थंड केलं, की असा पदार्थ विजेला अडवणंच सोडून देतो. रोध शून्य. मला ते शून्य हवं होतं, बस.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात मीटर तपासायचे. निवृत्तीनंतरही तिथेच, कॉलनीजवळ राहतात. तारांमध्ये वीज वाया जाते याचा त्यांना जन्मभर राग. उजव्या हाताची दोन बोटं त्यांना वाकवता येत नाहीत. 'कामावर भाजलं,' एवढंच आम्हाला माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी, नमुना थंड होत असताना, पडद्यावरची रेघ एकदम तळाला गेली. शून्य! मी तिथूनच बाबांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्ध्या कॉलनीत संत्रा बर्फी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी नमुना परत गरम केला. आता रोध परत यायला हवा होता. आला नाही. खोलीइतका गरम झाला तरी शून्यच, म्हणजे थंड करायचीही गरज नाही. क्षणभर वाटलं, जग जिंकलं. मग सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दाबाखाली मोजणीच्या दोन तारा सरकून एकमेकींना चिकटल्या होत्या. तारा अशा टेकल्या, की मध्ये धातू असो वा नसो, मीटर शून्यच दाखवतो. रडूही आलं नाही, इतकी थकले होते. फक्त ती बर्फी आठवत राहिली.

रविवारी वीज केंद्रातली राख नेणाऱ्या ट्रकांमागून रखडत बसनं कोराडीला गेले. बाबा दारातच बसले होते.

"काहून वं, तोंड असं काहून केलं?"

सगळं सांगितलं.

"शून्य दिसल्यावर वायरी नाही पाह्यल्या?"

"नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "घाई झाली मला. आता लोकांना काय सांगाल?"

बाबांनी आपल्या त्या दोन बोटांकडे पाहिलं.

"म्या बी नव्हत्या पाह्यल्या. मीटरनं शून्य दाखवलं, म्या म्हटलं लाईन बंद आहे. हात लावला. मीटरचीच वायर तुटेल होती."

इतक्या वर्षांत त्यांनी हे आईलाही सांगितलं नव्हतं. मीटर तपासणाऱ्या माणसानं मीटरच तपासला नाही, हे कसं सांगणार? मला त्यांचा राग आला आणि लगेच फार माया आली.

"अन् बर्फी?" मी विचारलं.

"खाल्ली न लोकायनं. मी सांगतो त्यायले."

मग त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला. लहान पोरीची बोटं मोजावी तसं एकेक बोट वाकवून, सरळ करून पाहिलं. पाचही.

"चालून राहिली न सगळी?" ते म्हणाले. "मग सोमवारी वायरी पुन्हा लाव, माय."