एकच माग चालायचा

मच्छे गावच्या कारखान्यात माणसं नेमणं हे माझं काम. वडगावात कंपनीच्या बसची वाट बघताना समोरच्या घरातला म्हातारा मागवाला रोज दिसायचा. त्याच्या चार मागांपैकी एकच चालायचा. बाकीचे तीन तो रोज सकाळी फडक्यानं पुसायचा, तेल द्यायचा, जणू विणकर आता येतीलच. त्या मागांवरचे तिघं विणकर मीच आमच्या कारखान्यात घेतले होते. त्याला ते ठाऊक होतं.

एकदा बसला उशीर झाला, तेव्हा तेलाची बुधली हातात घेऊनच तो बाहेर आला.

"सायेब, आमचा थोरला विणकर तुमच्याकडंच हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"त्येचा कान लई तयार. चारी माग चालू असले तरी सूत तुटायच्या आदी त्येला आवाजावरनं कळायचं. तितं त्येच्या कानाचा उपेग करून घेताय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

त्याला बरं वाटलं. आत जाऊन तो पुन्हा आपल्या एकट्या मागापाशी उभा राहिला.

मशीनचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात घालायचे बोळे पहिल्याच दिवशी त्या विणकराच्या हातात मीच ठेवले होते. आमच्याकडं ते सक्तीचे आहेत.