ओटी आणि ओटा

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही — आणि माझ्या पोटात काही राहत नाही अशी त्याची पक्की खात्री आहे! तुम्हाला मात्र सांगते. गोष्ट तशी आनंदाची आहे. त्यातली माझी जागा सोडली, तर.

मी डोंबिवलीची. अत्याचार झालेल्या मुलांना पोलीस स्टेशनात, कोर्टात सोबत करते. चिमी — हे तिचं खरं नाव नाही, ते सांगायचंच नसतं — मानपाड्याजवळच्या गावातली. तेव्हा चौथीत होती. घरी येणाऱ्या ओळखीच्याच माणसानं तिच्यावर अत्याचार केला होता. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं. सगळा खटला तिच्या बोलण्यावर उभा.

जबाब देताना ती म्हणाली, "त्यानी मना ओटीवर बोलावली." लिहून घेणाऱ्या मॅडम विदर्भातल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्लॅटमध्ये वाढलेली. मला ओटी म्हणजे भरायची ती! पण "मला नाही कळलं" म्हणायला जीभ वळेल तर ना? "ओट्यावर लिहा, स्वयंपाकघरातल्या," मी ठोकून दिलं. जबाब वाचून दाखवला, तेव्हा चिमी पार पेंगुळली होती.

पुढे कल्याणच्या कोर्टात ती पुन्हा ओटीच म्हणाली. आरोपीच्या वकिलांनी नेमकं तेच धरलं. जबाबात स्वयंपाकघर, इथे ओटी — म्हणजे पोरगी पढवलेली. मधल्या सुट्टीत सरकारी वकीलबाईंनी मला गाठलं. "अहो, हे स्वयंपाकघर आलं कुठून?"

आणि मी — कसं सांगू? — मी म्हणाले, "तीच बोलली होती, मॅडम. लहान आहे, गोंधळली असेल."

चिमी माझं बोट धरून उभी होती. तिनं ऐकलं.

सुट्टीनंतर न्यायाधीशांनी विचारलं, "बाळा, ओटी म्हणजे कुठे गं?" आणि पोरगी अशी खुलली म्हणता! दारातून आत शिरलं की पहिली ती ओटी, तिथे झोपाळा, तिथेच आजी जवळा निवडत बसते. "आमचा गनपती पन ओटीवरच बसतो. गॅसचे ओट्यावर गनपती कसा बसल?" न्यायाधीश हसले, टायपिस्ट हसला, वकीलबाईंनी डोळे पुसले. निकाल लागला तो तिच्या बाजूनं. त्या माणसाला शिक्षा झाली. आम्ही दोघींनी कल्याण स्टेशनबाहेर कुल्फी खाल्ली, आणि मी इतकी खूश होते की माझं ते वाक्य मला आठवलंसुद्धा नाही. की आठवलं होतं?

गेल्या महिन्यात चिमीची हळद झाली. नवरा तिनंच पसंत केलेला, सगळं गाव बेंजोवर नाचत होतं, आणि मीही या दुखऱ्या गुडघ्यांनिशी! पिवळीधमक चिमी मला ओढून माझ्या कानात ओरडली, "ताई, त्या टायमाला मी पोलिसांना चुकीचा सांगितलेला ना? तरी तुम्ही मना सांभाळून घेतलात."

इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती.

मी तिच्या गालाला हळद लावली. "लहान होतीस गं," म्हणाले, आणि पुन्हा नाचायला गेले.

ती चुकली नव्हती. तो शब्द माझा होता.