तांबड्याच्या गळ्यातला पट्टा

उमेदीची सगळी वर्षं करवतीपुढे गेलेल्या त्या माणसाच्या केसांतला भुसा काही केल्या निघत नसे, म्हणून लोक त्याला भुशाच म्हणत. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. फळीवर नुसता तळहात ठेवून आत गाठ कुठे आहे ते सांगणारा माणूस तो. पण आपल्या कुत्र्यापुढे, तांबड्यापुढे, मात्र त्याने हात टेकले होते.

तांबड्या मेंढरांमागे लागायचा. चावायचा नाही, नुसता पळवायचा. त्या पळापळीत शेजाऱ्याची एक गाभण मेंढी कुंपणात अडकून मेली, आणि शेजारी बंदूक घेऊनच दारात आला.

"भुशा, मला भरपाई नको. पुन्हा मेंढरांत दिसला, तर तिथंच आडवा करीन."

दुसऱ्याच दिवशी नवराबायको कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या दुकानात गेले. दुकानदारीण बाईंनी तीन पट्टे मांडले. एक शिट्टी वाजवणारा, एक थरथरणारा, एक झटका देणारा. तिन्ही रिमोटवर चालणारे.

"धावत्या कुत्र्याला झटकाच लागतो, काका."

"आधी माझ्या मनगटाला लावा."

बटण दाबलं. भुशाचा हात असा उडाला की टेबलावरचे डबे खाली आले.

"माझ्या हाकेला असे कधी उठला नाहीत!" बायको म्हणाली. भुशा हसला नाही.

"हा नको. करवतीच्या आवाजानं त्याचे कान बसलेत, शिट्टीही नको. थरथरणारा द्या."

"पण पळताना कळेल का त्याला?"

भुशाने खिशातून पैसे काढले.

दोरी लावून सराव करायचं ठरलं होतं. पण घरी अंगणात पट्ट्याचं बक्कल लागतं न लागतं तोच तांबड्या हातातून निसटला आणि फाटकाखालून बाहेर. समोरच्या उतारावर मेंढरं चरत होती. तिथेच राखणीला उभ्या असलेल्या शेजाऱ्याने बंदूक उचलली.

भुशाने पळत पळत बटण दाबलं. दाबूनच धरलं. रिमोटवरचा लाल दिवा जळत होता, अंगठा पांढरा पडला होता, आणि तांबड्या आपला सरळ मेंढरांकडे.

"अहो, सोडा ते बटण! त्याला वाटतंय करवत चाललीय!"

तिचं बरोबर होतं. तांबड्या करवतीच्या टेबलाखाली जन्मलेला. जमीन दिवसभर थरथरायची आणि तो गाढ झोपायचा. थरथर म्हणजे सगळं ठीक. करवतीच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून फळीचं पलीकडचं टोक धरणारी बायको थांबायचं असलं की फळीवर दोनदा ठोकायची. तेवढ्यानं कुत्रा डोकं वर काढून तिच्याकडे बघायचा.

मागोमाग धावत आलेल्या बायकोने रिमोट हिसकावून घेतला आणि बटण दोनदा दाबून सोडलं. टक, टक.

तांबड्या जागीच थांबला. मान वळवून त्याने तिला शोधलं आणि तो खाली बसला.

बंदूक खाली आली नव्हती. भुशा चालत गेला आणि नळीच्या समोर उभा राहिला.

"बाजूला हो."

"बसलाय तो."

"आज बसला."

"रोज बसेल. पट्टा काढणार नाही. रिमोट हिच्याकडे राहील."

शेजाऱ्याने एकदा भुशाच्या बायकोकडे पाहिलं, एकदा भुशाकडे.

"वहिनींकडे असेल तर ठीक," तो म्हणाला, आणि नळी खाली केली. "तुझ्या हातात असता तर मी ऐकलं नसतं."

भुशाला काहीतरी खमकं उत्तर द्यायचं होतं. पण त्याने तांबड्याच्या पट्ट्यात बोटं अडकवली. तो तिथेच गवतात, कुत्र्याशेजारी बसला.