मामाजींच्या शाळेतला रजेचा अर्ज

घरातल्या घरात मुलांना शाळेत जायला उशीर होऊ शकतो, हे मला मामाजींनी शिकवलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. बरोब्बर दहाला ते काळा कोट चढवायचे, टोपी घालायचे आणि ओसरीच्या वाशाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी कांबीनं टोले द्यायचे. विद्यार्थी दोन. चौथीत शालू, पहिलीत बंडू, दोन्ही माझीच. चुलीपासून ओसरी दहा पावलांवर. तेवढ्यात बंडूच्या तोंडात घास राहिला, तर त्याला उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागे. मी कुरकुरले की म्हणायचे, "घरात राहून उशीर करते, तं रानातून चालत येनाऱ्या पोराले मी कोन्या तोंडानं बोलू?" आता रानातून चालत येणारं पोरगं आमच्या शाळेत होतं कुठे? पण त्याच्यासाठीही नियम होता.

आम्ही राहायचो बालाघाट जिल्ह्यात, उकव्याच्या पुढे, रानातल्या एका लहानशा मँगनीजच्या खाणीवर. आमचे हे तिथे हजेरीबाबू. वस्तीत शाळेची खोली होती, पण मास्तर टिकत नव्हता. एक यायचा, हिवतापानं अंथरूण धरायचा आणि बरा झाला की पहिल्या बसनं बैहरची वाट धरायचा. तिसरा मास्तर गेला तेव्हा शालूचं वर्ष तसंच वाया चाललं होतं. मामाजी लांजीला तीस वर्षं मराठी शाळेत गुरुजी होते, नुकतेच निवृत्त झालेले. पत्र नाही, निरोप नाही, एक पत्र्याची पेटी घेऊन बसमधून उतरले. म्हणाले, "आता मी आहो. पोरगी बालाघाटच्या शाळेत पाचवीले बसवून देतो." यांनी मान डोलावली, पण रात्री मला वेगळंच ऐकवलं. "परीक्षेले एकदाच नेतो. जमलं तं जमलं. नाही तं पोरगी घरी, अन् चार वर्षांनं लगन." त्या दिवसापासून मी परीक्षेचे दिवस मोजायला लागले.

मामाजींच्या शाळेत गैरहजर राहायचं तर रजेचा अर्ज द्यावा लागे. शालूला ताप आला. ती आतल्या खोलीत खाटेवर, आजोबा बाहेर ओसरीवर, मध्ये एक भिंत. तरी तिनं पाटीवर लिहिलं, 'सविनय विनंती की मला ताप असल्यामुळे आज शाळेत येता येत नाही.' बंडूनं पाटी बाहेर नेली. मामाजींनी चष्मा लावून वाचली, खाली लाल खडूनं 'मंजूर' लिहिलं, मग कोट काढून आत आले आणि नातीच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत बसले. मी हसू दाबत होते. ते म्हणाले, "हासू नको सूनबाई. जे मागून घेते ते रजा. न सांगता जाते ते पळनं." पळालेल्या मास्तरांचा राग होता तो, दुसरं काय!

शिकवताना त्यांची भाषा पुस्तकी असे, आणि वर्ग सुटला की लांजीची. गणित तर असं शिकवलं की शालू मोहाच्या टोळ्या, म्हणजे बिया, मोजता मोजता भागाकार करायला लागली. माझीही सुटका नव्हती. मी मराठी सातवी झालेली. भात उतरवता उतरवता बंडूची मुळाक्षरं मी घ्यायची, आणि संध्याकाळी मामाजी माझी झडती घेत. "आज 'ठ' काहून वाकडा आला? पोराचा हात वाकडा का मायचा?" मला राग यायचा आणि पुन्हा हुरूपही यायचा. बाई, मूल शिकवायला बसलं की आपण किती कच्चे आहोत ते कळतं!

पण पेटीतली पुस्तकं जुनी होती. सगळी नागपूर आमची राजधानी होती त्या काळातली, मराठी. छप्पनला राज्यं नव्यानं आखली, बालाघाट हिंदी प्रदेशात राहिलं, नागपूर मराठी मुलखाकडे गेलं, आणि मामाजींची लांजीची मराठी शाळा हळूहळू हिंदी झाली. त्यावर ते कधी बोलत नसत. मी म्हटलं, "मामाजी, बालाघाटची परीक्षा हिंदीत होईल. शालूला लिहिता कुठे येतं?" तर म्हणाले, "हिंदी हवेत आहे. थे सर्दीसारखी लागूनच जाते. शिकवा लागते ते मराठी." त्यांचं खोटं नव्हतं. पोरं वस्तीत धडधड हिंदी बोलत. पण बोलणं वेगळं आणि परीक्षेच्या कागदावर लिहिणं वेगळं, हे मी कोणाला सांगू?

मग मी चोरी केली. शेजारच्या फोरमनच्या बायकोकडून हिंदीचं पुस्तक आणलं, तांदळाच्या कोठीत लपवलं, आणि मामाजी दुपारी खाणीच्या ऑफिसात पेपर वाचायला गेले की चुलीजवळ शालूचा श्रुतलेख घ्यायला लागले. ओसरीवर त्यांच्या चपला वाजल्या की पुस्तक तांदळात. शालू तांदूळ सारखे करायलाही शिकली. आज मला त्याचीच लाज वाटते. हिंदी शिकवली त्याची नाही, पोरीला आजोबांपासून लपवायला शिकवलं त्याची. घरात शिकवताना आई फक्त धडा देत नाही, स्वतःची भीतीही देते. पोरगी दोन्ही पाठ करते.

एके दिवशी कोठीतून तांदूळ काढायला मामाजी स्वतःच गेले. पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. "चोरून शिकवते तं पोरगी चोरनंच शिकते, सूनबाई," एवढंच म्हणाले आणि पुस्तक घेऊन गेले. आठ दिवस माझ्याशी अबोला. घंटा मात्र दहाला व्हायची, आधीपेक्षा जोरात. नवव्या दिवशी सकाळी पुस्तक चुलीजवळ होतं. कोठीत नाही, चुलीजवळ, उघड्यावर. त्या दुपारी शालूचा श्रुतलेख मी पुस्तक न लपवता घेतला.

परीक्षेला यांना सुट्टी मिळाली नाही, म्हणून मामाजी, मी आणि शालू बसनं बालाघाटला गेलो. मामाजींचा कोट मी आदल्या दिवशी तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. हेडमास्तर भले गृहस्थ दिसत होते. शालूनं भागाकार चुटकीसरशी केला. श्रुतलेखात दोनच चुका. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच त्यांनी सहज विचारलं, "बेटी, अपने प्रदेश की राजधानी कौन-सी है?"

"नागपुर," शालू खणखणीत आवाजात म्हणाली.

कोपऱ्यातला बाबू फस्सकन हसला. हेडमास्तर म्हणाले, "सोचकर बताओ." शालूनं वळून आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं, भुई दुभंगावी. "नागपूरच आहे," ती म्हणाली, घाईत मराठीत. "आमच्या गुरुजींनी शिकवलं."

मामाजी उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणापुढे टोपी काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. आणि त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा हिंदी ऐकली. "साहब, गलती बच्ची की नहीं है. मास्टर की है. मास्टर मैं हूँ. राजधानी भोपाल है, मुझे मालूम था. मैंने पढ़ाया नहीं."

"आप लोग बाहर बैठिए," हेडमास्तर म्हणाले.

बाहेर कडुनिंबाच्या पारावर आम्ही तासभर बसलो. शालू रडून रडून माझ्या मांडीवर झोपली. माझ्या डोळ्यांपुढे तिचं लग्न दिसत होतं, खरं सांगते. मामाजींनी टोपी गुडघ्यावर ठेवली होती.

"सूनबाई, पोरगी रोज नागपूर घोकत होती. तुले आयकू येत होतं का?"

"हौ."

"तुले मालूम होतं का भोपाळ?"

"हौ, मामाजी."

"मंग काहून नाही बोलली?"

"तुमच्या वर्गात कशी बोलू?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "वर्ग माया होता, माय. पोरगी तं तुयी होती."

त्या वाक्यानं मी जी हलले, ती आजवर. वर्षभर स्वयंपाकघरातून मी तो चुकीचा धडा ऐकत होते. गुरुजींच्या मध्ये बोलू नये म्हणून गप्प राहिले, आणि कोठीत पुस्तक लपवून मी माझं काम केलं असं समजत राहिले. आम्ही दोघं एका छपराखाली एका मुलीला शिकवत होतो आणि एकमेकांना विचारत नव्हतो.

शेवटी बाबूनं हाक मारली. शालूला पाचवीत घेतलं, तीन महिने बघू या अटीवर. बालाघाटला यांच्या मावशीकडे तिची राहायची सोय झाली. तीन महिन्यांनी कोणी काही विचारलंही नाही, इतकी ती रुळली. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली.

शालू बालाघाटला जायच्या दिवशी दहा वाजले, पण घंटा झाली नाही. मी ओसरीवर आले तर मामाजी पत्र्याची पेटी बांधून बसलेले, लांजीला निघालेले. वस्तीत नवा मास्तर आला होता, बंडू तिकडे जाणार होता. मी अडवलं, हे रागावले, पण मामाजींनी ऐकलं नाही. त्यांनी शालूच्या हातात एक घडी केलेला कागद दिला आणि मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तसे तिच्यासमोर हात बांधून उभे राहिले.

अर्ज होता. अक्षर मामाजींचं, भाषा हिंदी. 'सविनय निवेदन है कि मैं कल से विद्यालय नहीं आ सकूँगा. कृपया मेरी छुट्टी मंजूर करें.' खाली सही, आणि सहीखाली, कोणी विचारलं नसताना, 'जिला बालाघाट, राजधानी भोपाल.' चुलीजवळचं ते हिंदीचं पुस्तक मी नंतर पुन्हा उघडून पाहिलं. पानापानावरच्या ज्या लाल पेन्सिलीच्या खुणा मी शालूच्या समजत होते, त्या त्यांच्या होत्या. आठ दिवसांच्या अबोल्यात ते धडे गिरवत होते.

शालूनं कागद वाचला. मामाजींनी खिशातून लाल खडू काढून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला, मुठीत आवळला आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मामाजी बसमध्ये चढले. दोन वर्षांनी लांजीलाच वारले. तो अर्ज अजून माझ्या पेटीत आहे, आणि त्यावर 'मंजूर' लिहिलेलं नाही.