बुधवारची रजा

पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं. पण आजही आठवली की माझी मान खाली जाते, अशी घटना एका साध्या अर्जापासून सुरू झाली होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सोलापूर शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. यात कोणाचंही नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून याच शहरात राहतात.

सकाळची हजेरी आटोपून मी आवक टपाल बघत होतो. टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा तिशीचा एक माणूस समोर येऊन उभा राहिला. मूळचा सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. अर्जात लिहिलं होतं की अर्जदाराची पत्नी गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कामाला असून दर बुधवारी दुपारी रजा टाकून एका परपुरुषाला भेटते, तरी त्या इसमाचा शोध घेऊन कारवाई व्हावी.

"हा गुन्हा होत नाही," मी म्हणालो. "तुमच्या घरातला प्रश्न आहे."

तो हलला नाही. "सायेब, ती तीन म्हैन्याची पोटुशी हाय. आन् ते माझं न्हाय."

"कशावरून?"

"मला म्हाईत हाय. येत्या रविवारी भावकी बसवलीय. सगळ्यांसमोर सोक्षमोक्ष लावून तिला म्हायेरी घालवतो. तेवढं त्या माणसाचं नाव काढून द्या."

शोध त्याने स्वतःही घेतला होता. एका बुधवारी तो तिच्या मागे गेला होता. खाली मोबाईलची दुकानं असलेल्या एका इमारतीचा जिना ती चढली आणि अर्ध्या तासाने उतरली. पाठोपाठ इस्त्रीच्या शर्टातला एक उंच, देखणा माणूस उतरला. तो तिच्याशी दोन शब्द बोलला आणि तिच्या हातात एक कागद देऊन मोटारसायकलवरून गेला. नवरा समोरच्या पानटपरीआड उभा राहून बघत होता.

असा अर्ज एरवी मी फाईलला लावून विसरलो असतो. या वेळी विसरलो नाही, आणि त्याचं कारण इथे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला साखरेचा आजार जडून सहा वर्षं झाली होती. त्यातली दोन वर्षं मी नवरा म्हणून कुचकामी झालो होतो. डॉक्टरला सांगितलं नाही, बायकोला तर नाहीच. जागरणाची नोकरी आहे, असं सांगून मी बाहेरच्या खोलीत झोपू लागलो. त्याच सुमारास बायको सकाळी फिरायला जाऊ लागली. सोबत फिरणाऱ्यांच्या मंडळात एक निवृत्त बँकवाला होता, कुरळे केस आणि सदा हसरा. त्याने काहीतरी बोलावं आणि माझ्या बायकोने खळखळून हसावं, हे मी गच्चीवरून पाहिलं होतं. त्या माणसाचा मला इतका मत्सर वाटायचा की त्याची गाडी चुकीच्या जागी लावलेली दिसली की मला बरं वाटायचं. बायको आंघोळीला गेली की मी तिचा फोन तपासायचो. काही सापडायचं नाही, आणि सापडत नाही म्हणून संशय आणखी वाढायचा.

तेव्हा या नवऱ्याचं दुःख मला पहिल्या वाक्यातच पटलं. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मी त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या नावाखाली तिला ठाण्यात बोलावलं. सोबत महिला शिपाई बसवली, म्हणजे कागदोपत्री सगळं नियमात होतं. बाई सावळी, किरकोळ बांध्याची. बोटांना सुईचे घट्टे.

"बुधवारी कुठं जाता?"

"कामाला."

"कसल्या कामाला?"

"माझ्या घरातलं काम हाय, सायेब. हितं चारचौघांत सांगणार न्हाय."

"घरातल्या कामाला परका पुरुष लागतो का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रडेल असं वाटलं होतं, पण तिने नुसता पदर सारखा केला. "तुमी काय ते समजा," म्हणाली. गप्प बसते म्हणजे पाणी मुरतंय, असा मी निष्कर्ष काढला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तिला नाही, माझ्या बायकोलाच प्रश्न विचारत होतो.

मंगळवारी दुपारी खबर आली. बाजारात विळे-कोयते पाजळून देणारा एक म्हातारा आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, "सायेब, एक गडी कोयत्याला धार लावून घिऊन गेला. हातावर कापसाची पुंजकी, म्हंजी कारखान्यातला गडी. ना ऊस, ना कडबा. त्याला कोयता कशाला हवा? वर म्हणतोय, उद्या दुपारी लागणार हाय."

वर्णन ऐकताच माणूस मी ओळखला. उद्या बुधवार होता. ज्याला मी चहा पाजून धीर दिला होता, तो कोयता घेऊन निघाला होता.

बुधवारी साध्या वेशातले दोघं जिन्याखाली उभे केले, मी वरच्या वळणावर थांबलो. ती आली आणि वर गेली. दहा मिनिटांनी तो आला, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. दुसऱ्या पायरीवर त्याला धरला. पिशवीत डबा नव्हता, फडक्यात गुंडाळलेला कोयता होता. पंचांसमक्ष जप्त केला. तो ओरडला नाही. जिन्यावरच मटकन बसला आणि म्हणाला, "आता तरी वर जाऊन बघा की."

मी वर गेलो. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना होता. दारावर पाटी होती, ती नवऱ्याने खालून कधी पाहिली नव्हती आणि मी पाहण्याची तसदी घेतली नव्हती. पुरुषांचे लैंगिक आजार आणि वंध्यत्व, असा मजकूर. बाकावर सहा माणसं बसली होती, त्यात चार बायका. इस्त्रीच्या शर्टातला तो देखणा माणूस डॉक्टर होता. ती त्याच्या टेबलासमोर बसली होती.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे कोण कशासाठी येतं, हे मी पोलिसांनाही असं सांगू शकत नाही."

खाली नवऱ्याला कोयत्यासह धरल्याचं मी सांगितलं. तेव्हा तीच बोलली. "सांगा, डॉक्टर. आता झाकायचं काय ऱ्हायलं?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यास्नी लवकर व्हायचं. जवळ आलं की संपलंच. मग भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकदा म्हणलं दवाखान्यात जाऊ, तर ताट फेकून दिलं. म्हणून मीच आले. त्यांची अब्रू ठाण्यात काढायची नव्हती मला."

डॉक्टरांनी मला सांगितलं ते असं. वीर्य लवकर पडणं ही पुरुषांची अगदी नेहमीची तक्रार आहे. ताण, भीती, घाई, कधी शरीरातलं कारण. बहुतेकांना उपचाराने फरक पडतो. पण नवरा येत नव्हता, आणि न तपासता औषध देता येत नव्हतं. म्हणून ते तिला कुठे थांबायचं, घाई कशी टाळायची, हे कागदावर लिहून देत. "बायका येतात, नवरे येत नाहीत," ते म्हणाले. "लवकर होतं म्हणून मूल होत नाही, असं मुळीच नाही, साहेब. मूल त्याचं नसेल असं मानायला यात काहीच आधार नाही."

ठाण्यात आणल्यावर त्याला हे सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली. "डॉक्टर सोताची कातडी वाचवणारच की." तासभर विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. लग्नानंतर सहा महिन्यांनी तो बार्शी रस्त्यालगतच्या एका तंबूत गेला होता, जडीबुटीच्या बरण्या मांडलेल्या. तिथल्या बुवाने काचेच्या पेल्यात त्याची लघवी घेतली, चिमूटभर काहीतरी टाकलं आणि तळाशी पांढरा साका धरल्याचं दाखवलं. "लहानपणच्या सवयीनं तुझी धात पातळ झालीय. हिच्यानं पोर होणार न्हाय. बाई वरीसभर वाट बघंल, मग दुसरं दार धरंल." वर्ष झालं, आणि बायकोला दिवस गेले. बुवाचं भाकीत त्याच्या लेखी खरं ठरलं होतं.

मी डॉक्टरांचं सगळं पुन्हा समजावलं. वीर्य कधी दाट, कधी पातळ असतं, तरुणपणच्या सवयीने कोणी नामर्द होत नाही. सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटत होता. तो भिंतीकडे बघत राहिला.

ठाण्यातून निरोप पाठवला होता, त्यावरून संध्याकाळी गावाहून त्याचा बाप आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून खालीच बसला. मी भीतभीतच त्याला सगळं सांगितलं, कारण बापाशी असं बोलायची रीत नाही. म्हाताऱ्याला लाज वाटली नाही. आयुष्य मेंढरांत गेलेलं.

"व्हय रं," तो लेकाला म्हणाला, "मेंढा किती येळ चढतो?"

लेकाने मान फिरवली.

"सांग की! ल्हानपणी माझ्यासंगं कळपामागं हिंडलास न्हवं? डोळं मिटून उघडस्तवर खाली उतरतो. आन् सगळा कळप गाभण ऱ्हातो. आजवर एक तरी कोकरू दुसऱ्याचं हाय म्हणून मेंढा कोयता घिऊन फिरला का?"

बाहेर ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. पण तो माणूस हसला नाही. गुडघ्यात डोकं घालून तो इतका रडला की म्हाताऱ्याने घोंगडी त्याच्या पाठीवर टाकली. डॉक्टरचं पटलं नव्हतं, माझं पटलं नव्हतं, मेंढ्याचं पटलं.

बाई बाहेरच्या बाकावर होती. त्याने तिच्यापुढे हात जोडले. मला वाटलं, मिटलं. ती म्हणाली, "हितं हात जोडून भागायचं न्हाय. रविवारी भावकी बसवलीय न्हवं? मला वंगाळ ठरवायला बसवलीय. तितंच सगळ्यांसमोर सांगा, पोर माझं हाय, आन् संशय का आला त्ये बी सांगा. न्हायतर मी माझ्या पायानं म्हायेरी जाते. पोराला बापाचं नाव भीक मागून नको."

कोयत्याबद्दल त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई करून चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र घेतलं. तंबूवाल्याकडे पथक पाठवलं तेव्हा माळावर तीन दगड आणि राख शिल्लक होती.

रविवारी मी साध्या कपड्यांत सांगोल्याकडच्या त्यांच्या गावी गेलो. बंदोबस्त म्हणून गेलो, असं डायरीत लिहिलं. मारुतीच्या देवळासमोर पंचवीस-तीस पुरुष बसले होते. ती ओट्याला टेकून उभी होती, हातात कपड्यांची पिशवी तयार. तो उभा राहिला, दोनदा घसा खाकरला आणि खाली बसला. ती पिशवी उचलून एस.टी. थांब्याकडे चालायला लागली. तेव्हा तो बसल्या जागेवरूनच ओरडला, "पोर माझं हाय! खोट माझ्यात हुती. मला लवकर व्हतंय. मी लाजंनं दवाखान्यात गेलो न्हाय, ती गेली माझ्यासाठी, आन् मी तिच्यावर आळ घेतला."

ती थांबली. कोणी हसेल म्हणून मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. कोणी हसलं नाही. सगळे खाली जमिनीकडे बघत होते.

या घटनेने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी मत्सराची तपासाची पद्धत असते. माणूस टपरीआड उभा राहतो, फोन चाळतो, पोलिसात जातो, कोयता पाजळतो. पण स्वतःच्या दुखण्याबद्दल तोंड उघडत नाही. मी वर्दीत राहून तेच केलं, आणि एका निरपराध बाईला मान खाली घालायला लावू पाहिलं. तिची माफी मी त्या रविवारीच मागितली. ती फक्त "असू द्या" म्हणाली, आणि ते मला अजून पुरेसं वाटत नाही.

बैठक मोडली. ती पिशवी घेऊन नवऱ्याच्या घरात गेली. तो देवळामागच्या नळावर तोंड धूत होता. मी लांबून पाहिलं, भावकीतला एक माणूस इकडेतिकडे बघत त्याच्याजवळ गेला आणि हळूच काहीतरी विचारून आला. मग दुसरा गेला. मग एक पांढऱ्या मिशांचा. मग बैठक सुरू होताना सर्वांत मोठ्याने बोललेला. प्रत्येकाला त्या दवाखान्याचा पत्ता हवा होता.

पाचवा मी गेलो. मला पत्ता माहीत होता. मी त्याला एवढंच विचारलं, पहिल्यांदा जाताना बायकोला काय सांगायचं.