निधीची गुरं आणि शेवंताआजी

अमेरिकेत शुगर लँडला लेकीकडे राहणाऱ्या शेवंताबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, आणि नात निधी मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या चरबीबद्दल कॉलेजात शिकत होती. उद्या तिला वर्गापुढे बोलायचं होतं. अडाण्यालाही कळलं तरच मार्क, असं सरांनी बजावलेलं. घरात तसं माणूस एकच, म्हणून तिने आजीला सोफ्यावर बसवलं.

"आजी, चरबी जातीवर, वयावर, चाऱ्यावर ठरते. गवतावर फिरणारं जनावर सडसडीत राहतं. शेवटी कुंपणात ठेवून मका चारला, की मांसात चरबी धरते. त्यात मादीला लवकर चढते. कळलं?"

शेवंताबाईंनी जोरात मान हलवली.

"मग सांग बघू!"

आली का पंचाईत! त्यांनी आपल्याच पोटाकडे पाहिलं.

"हे बघ, आमच्या घराण्याचा बांधाच जाडा. तरी गावाकडे रानोमाळ हिंडायचे, तेव्हा काटकुळी होते. इथं तुझ्या आईनं मला या सोफ्यावर कोंडलं, नि पुढ्यात मक्याच्या चिप्स. वय झालेलं, वर बाईमाणूस. एक कारण म्हणून चुकलं नाही बघ माझं!"

निधीने हसत तिला मिठी मारली. "आजी, पास झाले मी! उद्या असंच सांगते. तुझा फोटो लावू?"

"लाव की. पण मान वर केलेला लाव, त्यात हनुवटी एकच दिसते."